खांदेवीराची वही

आमच्या घरातल्या पुरुषांना म्हातारं होता येत नाही. बायका होतात. गपचूप होतात. एक दिवस चष्मा लावतात आणि दुसऱ्या दिवसापासून गुडघ्याला तेल चोळत बसतात. पुरुषांना मात्र त्याआधी सगळ्या गावाशी भांडावं लागतं. माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, ते भांडण कसं केलं आणि माझ्या एका वहीनं त्यात तेल कसं ओतलं, ते आता लिहून टाकावं म्हणते. माझा धाकटा भाऊ शिवा ही हकिकत गेली कितीतरी वर्षं लग्नाकार्यात सांगत आलाय, आणि दर लग्नात तो थोडा जास्त शूर होत जातो. पुरे झालं.

धारूरचा घाट उतरून तेलगावकडं निघालं की रस्त्याला लागूनच आमचं गाव, आणि गावाच्या तोंडाशी अप्पांचं किराणा दुकान. पुढं दुकान, मागं घर, मधे फक्त एक पडदा. त्यामुळं घरात काही गुपित राहायचं नाही आणि दुकानातलं गिऱ्हाईक मायला तिथूनच विचारायचं, "वहिनी, आज येसर आमटी का? वास लई भारी येतोय." सकाळी तराजूच्या पारड्यांचा खणखणाट, मागं मायचं भाकरी थापणं, आणि वर घराच्या माळवदावर शिवाचा टेप. त्या वर्षी गावात टीव्हीची पहिली छत्री बसली होती, आकाशाकडं तोंड करून. त्या छत्रीतून परदेशातले लोक आमच्या गावात उतरायला लागले आणि शिवानं केस वाढवले. एकोणीस वर्षांचा घोडा. कॉलेजला बीडला जातो म्हणायचा आणि मित्राच्या मोटारसायकलवर तिघं बसून घाट चढउतार करायचा. अप्पा त्याच्याशी बोलायचे ते माझ्यामार्फत. "तुज्या भावाला सांग, केसं काप." तो समोरच मुरमुऱ्यांचा सुशीला खात बसलेला असायचा. तोही घास गिळून मला म्हणायचा, "आक्का, अप्पाला सांग, न्हाई कापत." मी एकवीस वर्षांची, लग्न ठरायचं राहिलेली, आणि या दोघांच्या मधली पोस्टमन.

अप्पांचं गावात नाव होतं ते दुकानामुळं नव्हे, बारा गाड्यांमुळं. चैत्रात महादेवाची जत्रा भरायची. बारा बैलगाड्या एकीमागं एक बांधायच्या, एकीची दांडी दुसरीच्या बुडाला. प्रत्येक गाडीत माणसं उभी राहायची, आणि अंगाला हळद फासलेला, दिवसभराचा उपाशी असा एकच माणूस दोर छातीवर घेऊन ती सगळी माळ देवळापर्यंत ओढत न्यायचा. हा मान आमच्या घराकडं. अप्पांनी तो माझ्या जन्माच्या आधीपासून केला. त्यांच्याबरोबर दोघं ठरलेले. भानुदासकाका सुतार आदल्या दिवशी एकेक चाक ठोकून बघायचे. हुसेनचाचा, बैलांच्या खुरांना पत्र्या मारणारे, गाड्यांच्या कडेनं हातात दगड घेऊन पळायचे. गाडी सरकू नये म्हणून चाकाच्या तोंडाशी जो दगड लावतात त्याला आमच्याकडं उटी म्हणतात. चाचांची उटी कधी चुकली नाही. मग एका वर्षी अप्पांच्या छातीत कळ आली, बीडच्या डॉक्टरांनी गुळाची ढेपसुद्धा उचलायची नाही म्हणून तंबी दिली, आणि गाड्या बंद पडल्या. तीन वर्षं हे तिघं दुपारी दुकानाच्या ओट्यावर बसून चहा पीत होते आणि जगाला नावं ठेवत होते.

आता वहीचं. बीडला मामाच्या घरी मामेभावाकडं चित्रकथांचा ढीग होता. अंगाला चिकटलेले कपडे, पाठीवर फडकी, उडणारे, इमारती उचलणारे वीर. सुट्टीत मी तो ढीग दोनदा वाचला आणि मला संताप आला. हे लोक म्हातारे कधी होतात? यांचे गुडघे कधी दुखतात? मी दुकानातली दोनशे पानी वही घेतली, स्केचपेनांचं पाकीट घेतलं आणि माझी स्वतःची चित्रकथा सुरू केली. त्यात धारूरच्या किल्ल्यावर तीन थकलेले वीर राहतात. एकाची ताकद खांद्यात, तो खांदेवीर. एकाला लाकडातला रोग नुसत्या बोटानं कळतो. तिसऱ्याचा दगड कधी चुकत नाही. तिघंही चहा पाणचट झाला म्हणून कुरकुरत असतात. खाली गावात नव्या दमाचे वीर आलेत. त्यांना उडता येतं, पण उतरताना खाली बघायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. कुणी ज्वारीत उतरतो, कुणी कडब्याच्या गंजीवर. वाचवतात एकाला आणि तुडवतात चौघांना. त्यांचा म्होरक्या लांब केसांचा. खांदेवीराला झुपकेदार मिशा. यात कोण कोण हे सांगायला ज्योतिषी नको होता, पण मी वही तांदळाच्या पोत्यामागं ठेवायची आणि समजायची की झाकलंय.

अप्पा डाळीच्या पुड्या बांधायला जुन्या वह्यांची पानं फाडायचे. एका सकाळी त्यांच्या हाताला ती वही लागली. समोर पाव किलो हरभऱ्याची डाळ मागणारी बाई उभी, आणि अप्पा वाचतायत. पान उलटतायत. बाई म्हणाली, "अप्पा, डाळ." अप्पा म्हणाले, "थांब जरा, किल्ल्यावर चाललेत ते." मी पडद्याआड उभी होते. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. त्यांनी वही मिटली, डाळ तागडीतून तशीच बाईच्या पदरात ओतली, आणि मला हाक मारली. मला वाटलं आता जाळतात. ते म्हणाले, "मिशी बारीक काढलीस. माजी मिशी अशी व्हती का?"

तिथून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो मी शत्रूलाही देणार नाही. दुपारी वही ओट्यावर गेली. हुसेनचाचा म्हणाले, "बेटी, दाढी इतकी सफेद कावून केली? अजून निम्मी काळी हाय माजी." भानुदासकाकांनी पानं मोजली आणि त्यांच्या वाट्याला चारच आली म्हणून दोन दिवस चहाला आले नाहीत. मग वही माळवदावर गेली. शिवाच्या टोळक्यानं ती वाचली आणि शिवा रागानं लाल होऊन खाली आला. "आक्का, आमी काय येडे हाव का? खाली न बघता उतरायला?" मी म्हटलं, "परवा घाटात मोटारसायकलवरून कुठं उतरलास? बोरीच्या झाडात." तो म्हणाला, "ते येगळं." पोरांची मागणी अशी की म्हाताऱ्यांना पुढच्या भागात मारून टाक, बापेहो लई झालं त्यांचं. म्हाताऱ्यांची मागणी अशी की पोरांना एकदा चांगली अद्दल घडव. जो तो दुकानात येऊन आपापला शेवट सांगून जायचा. मी शाळेत चित्रकला शिकवत बत्तीस वर्षं काढली, मुलांच्या पालकांनी पुष्कळ छळलं, पण त्या ओट्यासारखा छळ कुणी केला नाही.

अशातच जत्रा आठ दिवसांवर आली आणि शिवाच्या टोळक्यानं पारावर जाहीर केलं की बंद पडलेल्या गाड्या यंदा निघणार, आणि निघणार त्या टायरच्या. ऊसतोडीचा हंगाम संपून माणसं गावी परतली होती आणि त्यांच्या टायरच्या गाड्या गल्लोगल्ली उभ्या होत्या. लाकडी चाकाच्या कुणाकडं राहिल्यात? पोरांचं म्हणणं, टायरची गाडी हलकी जाते, बाराच्या जागी वीस ओढू, गाव बघत राहील. अप्पा ओट्यावरून गरजले, "टायरची गाडी हलकी जाती, पन थांबती का? लाकडी चाक माणसाचं ऐकतं. वढणारा थांबला की तेबी थांबतं. टायर कुणाचं ऐकत न्हाई. आन देवळापुढं उतार हाय." शिवा म्हणाला, "आक्का, अप्पाला सांग, जमाना बदललाय." भानुदासकाका दोन दिवस पायपीट करून लाकडी चाकाच्या गाड्या गोळा करायला लागले. मिळाल्या सात. त्यातल्या एकीवर कोंबड्या बसत होत्या.

आणि नेमका तेव्हाच मी मूर्खपणा केला. मला वाचक मिळाले होते ना! माझी मान ताठ झाली होती. मी दोन पानं भरून एकच मोठं चित्र काढलं. खांदेवीर हळद लावून उभा, छातीवर दोर, मागं बारा गाड्या, आणि लांब केसांचे सगळे वीर तोंडात बोट घालून बघतायत. इतकं सुरेख चित्र मी नंतर कधीही काढलं नाही, हे आज चित्रकलेची शिक्षिका म्हणून सांगते. मी ती वही स्वतः नेऊन ओट्यावर ठेवली. अप्पांनी चित्र खूप वेळ पाहिलं. चष्मा काढला, धोतराला पुसला, परत पाहिलं. 

दुसऱ्या दिवशी माय म्हणाली, "हळदीचा डबा कुटं गेला?" अप्पा चहालाही नव्हते. मी मळ्यात गेले तर हे बांधाकडेला, छातीवर दोर घेऊन, बाभळीचं खोड ओढतायत. चार पावलं ओढायची आणि थांबून तोंड उघडं टाकून श्वास घ्यायचा. ओठ निळे पडले होते. मागं भानुदासकाका पावलं मोजतायत, आणि हुसेनचाचा हातात दगड घेऊन खोडाशेजारून वाकून चालतायत, खोडाला चाक नसताना. मी ओरडले, "अप्पा, डॉक्टर काय म्हनले व्हते?" अप्पा म्हणाले, "डॉक्टरनं कदी गाडी वढली का?" मी घरी येऊन मायला सांगितलं. माय भाकरी थापायची थांबली. पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडं बघत राहिली. ती आयुष्यात मला कधी रागानं बोलली नव्हती. "तू काढलंस," ती म्हणाली, "आता तूच पूस."

मी पुसलं. म्हणजे पानं फाडली आणि नवी काढली. त्यात खांदेवीर दोर लांब केसांच्या म्होरक्याच्या हातात देतो, त्याच्या पाठीवर थाप मारतो आणि समाधानानं देवळाच्या ओट्यावर बसतो. वही अप्पांच्या पुढं ठेवली. त्यांनी ते पान बघितलं आणि ताट बाजूला सारलं. सकाळी जेवले नाहीत, संध्याकाळी जेवले नाहीत. मी म्हटलं, "अप्पा, आहो ते नुसतं चित्र हाय. कागद हाय कागद." ते म्हणाले, "कागद हाय तर मला कावून काढलंस?" मी ताट परत त्यांच्यापुढं सारलं. मग हळूच म्हणाले, "तीन वर्सं झाली. लोक दुकानात येत्यात, गूळ मागत्यात, डाळ मागत्यात. त्या गाड्यांचं नाव कुणीच काढत न्हाई. तू काढलंस. आन आता तूच बसवतीस व्हय मला ओट्यावर?" मला रडू आलं आणि रागही आला. माणसानं बापावर माया करायची तरी कशी? चढवलं तर मरतोय आणि उतरवलं तर जेवत नाही.

मी भानुदासकाकांच्या पाया पडले की अप्पांना आवरा. काका म्हणाले, "त्येला आवरून मी काय करू? चाकं तपासायला मला दुसरं कोन बोलवतंय?" हुसेनचाचा म्हणाले, "बेटी, मै हूं ना. उटी लावीन मी." चाचांना तेव्हा समोरचा माणूस ओळखायला दोन हातांवर यावं लागायचं. मग मी माळवदावर गेले आणि शिवाला म्हटलं, "गाड्या संध्याकाळी निघायच्या असत्यात. तुमी दुपारीच काढा. अप्पा हिरीवर आंघोळीला गेले की काढा. ते येईस्तोवर गाड्या देवळात पोचल्या पायजेत. दोर तू घे." शिवाला तर दिवाळीच झाली. "टायरच्या?" त्यानं विचारलं. मी वैतागून म्हटलं, "विमानाच्या काढ बे, पण अप्पाच्या आधी काढ." हे मीच म्हटलं. लग्नाकार्यात शिवा हे वाक्य कधी सांगत नाही. मला सांभाळून घेतो, की स्वतःच्या डोक्यानं केलं असं दाखवायचं असतं, देव जाणे.

जत्रेच्या दिवशी भर दुपारी गाड्या निघाल्या. वीस नव्हत्या, बाराच, पण सगळ्या टायरच्या, त्यांना फुगे बांधलेले, पुढं कर्णा वाजतोय. शिवा हळदीनं पिवळा झाला होता आणि, खोटं का बोलू, अप्पांसारखा दिसत होता. बायकांत मी देवळाच्या पायरीशी उभी. त्यानं दोर छातीवर घेतला, एक हिसका दिला आणि गाड्या लोण्यातून निघाव्यात तशा निघाल्या. लोक ओरडले. पोरं गाड्यांत नाचायला लागली. शिवा चालायचा तो पळायला लागला, हात वर करून, आणि मी इतकी खूश झाले की काय सांगू. अप्पा वाचले. एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मग रस्ता देवळाकडं उतरायला लागला. दोर ढिला पडलेला मला आधी दिसला. शिवा ओढत नव्हता आता, गाड्या त्याच्या मागं लागल्या होत्या. ओढणाऱ्यानं मागं बघायचं नसतं असा रिवाज, म्हणून हा गाढव मागं बघत नव्हता. गाड्यांतली माणसं जास्तच जोरात ओरडत होती. त्याला वाटलं कौतुक चाललंय. पहिल्या गाडीची दांडी त्याच्या पाठीपासून दोन हातांवर आली. मी "शिवा, बाजूला हो!" म्हणून किंचाळले, पण कर्ण्यापुढं माझं काय ऐकू येतंय? दोर त्याच्या छातीला बांधलेला. बाजूला होणार तरी कसा? अप्पाला वाचवायला मी भावाला त्या गाड्यांपुढं उभं केलं होतं, हे मला त्या एका क्षणात स्वच्छ कळलं.

विहिरीच्या वाटेनं तिघं म्हातारे आले. कर्णा ऐकून पळत आले होते, अप्पांच्या अंगावर ओलं धोतर, निम्म्या अंगाला हळद. अप्पांनी गाड्या बघितल्या आणि कुणाला काही न विचारता कडेचा दगड उचलला. गुळाची ढेप उचलायची नव्हती त्यांना. तो दगड तिच्या दुप्पट होता. मागच्या गाड्यांकडं हुसेनचाचा वळले. त्यांना चाक दिसत नव्हतं, भानुदासकाका ओरडून सांगत होते, "म्होरं, म्होरं, आता टाक!" आणि चाचा टाकत होते. अप्पा मात्र थेट पहिल्या गाडीपुढं गेले आणि चाकाच्या तोंडाशी दगड घेऊन बसलेच. टायर दगडावर चढलं, गाडी तिरपी झाली, मागची तिच्यात घुसली, फुगे फुटले, माणसं उड्या मारून पळाली. धूळ एवढी उडाली की काही दिसेना.

धूळ बसली तेव्हा शिवा दांडीखाली आडवा होता, एक पाय वाकडा झालेला. आणि त्याच्यापासून चार हात अंतरावर अप्पा रस्त्यात बसलेले, गुडघा धरून. चाकानं त्यांना उडवलं होतं. दोघंही जिवंत होते. मी पळत पोचले, आणि पोचले तर काय ऐकते? "सांगितलं व्हतं टायर थांबत न्हाई म्हनून!" "तुमी दगड घातला म्हनून पलटी झाली, न्हाई तर मी गेलतो देवळात!" "सरळ वर गेलता आसतास, देवळात कशाला!" "आन तुमाला कुनी बोलावलं व्हतं?" दांडीखालून एक बोलतोय आणि रस्त्यातून दुसरा. वर्षभर एकमेकांशी शब्द नाही, आणि आता तोंड उघडलं तर हे!

माझं डोकं फिरलं. सगळ्या जत्रेपुढं, देवापुढं, मी जे तोंडाला आलं ते बोलत सुटले. "गप बसा! दोघंबी गप बसा! एक मरायला निघालाय आन दुसरा मरून दाखवायला! रातदिस तुमच्या मधी माझा जीव टांगलेला, आन तुमाला दगड कुणी घातला त्येचं पडलंय? चुकी कुणाचीच न्हाई, माझी हाय, मीच त्येला म्हनले गाड्या काढ, अप्पाच्या आधी काढ!" कर्णा बंद पडला होता. साऱ्या गावानं ऐकलं. माय गर्दीतून आली होती आणि पदर तोंडाला लावून उभी होती.

 मग अप्पांनी हात पुढं केला. "बरं. उठव मला." त्याच वेळी दांडीखालून शिवाचा हात आला. "आक्का, आधी मला. लई ठणकायलंय." दोन हळदीचे हात माझ्यापुढं. मी एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं. मी दोघांच्या मधे रस्त्यावर फतकल घालून बसले आणि भोकाड पसरलं. "मी एकटी कुणाकुणाला उचलू?"

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग धुळीत बुड घासत घासत, कण्हत, दांडीपर्यंत सरकले. पोरांनी दांडी उचलली होती. अप्पांनी शिवाच्या छातीवरचा दोर सोडला आणि म्हणाले, "माज्या खांद्यावर हात टाक बे. तिला बसू दे." शिवानं हात टाकला. पहिल्यांदा दोघंही परत खाली बसले. दुसऱ्यांदा उठले. दोघांचे मिळून दोन पाय धड होते. तेवढ्या दोन पायांवर, एकमेकाला शिव्या देत, ते देवळाकडं चालायला लागले, आणि सगळी जत्रा त्यांच्या मागं निघाली.

मी तिथंच रस्त्यात बसलेली. मला उठवायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मग माझी मीच उठले.